दंडावरची बोटं

गडी गेला तो ऐन वेतांच्या दिवसांत. चौदा गाई दावणीला, त्यातल्या सात महिन्याभरात व्यालेल्या, दोन आज-उद्यावर आलेल्या, आणि धारा काढणारा गडी शेणाचं घमेलं अंगणाच्या मधोमध पालथं घालून चालता झाला. भांडण काय, तर त्याचं म्हणणं, एवढ्या जनावरांना दोन माणसं पाहिजेत. मालकाचं म्हणणं, "तू गप्पा कमी मारल्यास तर एकच पुरे." झालं! अकरा वर्षं या गोठ्यात काढलेला माणूस, त्याच्या ते जिव्हारी लागलं. मालकाला वाटलं, येईल दोन दिवसांत नाक मुठीत धरून. दोनाचे सोळा दिवस झाले. दोघांचीही नाकं जिथल्या तिथे होती. हाल झाले ते मावशीच्या हातांचे.

मावशी म्हणजे मालकाची बायको. गाव तिला काय म्हणायचं ते म्हणो, पण आठ महिन्यांपासून त्या घरात एक मुलगी तिला मावशी म्हणत होती, तेव्हा आपणही मावशीच म्हणू.

पहाटे साडेचारला दोघं नवरा-बायको गोठ्यात शिरत. वैरण टाकायची, शेण ओढायचं, कास धुवायची, वासराला दोन घोट पाजून बाजूला घ्यायचं आणि बसायचं. साडेसहाला दुधाची गाडी फाट्यावर यायची आणि ती कुणाच्या बापासाठी थांबायची नाही. मालकाला धार काढता येत नव्हती असं नाही, पण त्याचा हात जड. गाई त्याच्या हाताखाली पान्हा चोरायच्या. म्हणजे चौदातल्या दहा मावशीच्याच वाट्याला. सोळाव्या दिवशी तिच्या बोटांची कांडी सुजून अशी झाली की चमचा धरला तर तो ताटात पडायचा.

"माणूस आणा हो दुसरा," ती म्हणाली.

"आणतो."

"आणतो नाही. त्यालाच आणा. जाऊन दोन शब्द बोललात तर जीभ झिजेल का तुमची?"

मालक कॅन धुवायला गेला. जीभ झिजेल असंच त्याला वाटत असावं.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. अकरा वर्षांची होती. आई होती तिला, पण ती आजारी, दूर कुठल्या उपचारकेंद्रात. ती बरी होईपर्यंत मुलीला सांभाळायला सरकारी कचेरीने या घरात ठेवलेलं. मुलांचं ऑफिस म्हणत लोक त्या कचेरीला. याआधी दीड वर्ष ती दुसऱ्या एका घरात होती. "जमलं नाही, खायचं चोरते," एवढंच त्या घराने लिहून तिला परत केलं होतं, दुकानात वस्तू परत करतात तसं.

खायचं ती चोरायची हे खरं होतं. आल्यावर आठ दिवसांत वन्संना, म्हणजे मालकाच्या थोरल्या बहिणीला, तिच्या गादीखाली पावाचे नऊ तुकडे सापडले. वन्सं म्हणजे जिभेला हाड नाही आणि मनात पाप नाही अशी बाई. त्यांनी कंबरेवर हात ठेवून फर्मान काढलं, "ही मुलगी नव्हे, खार आहे खार! हिवाळ्याची बेगमी करते." झालं, मुलीचं नाव खार पडलं. पण वन्संनी ते तुकडे फेकले नाहीत. रोज शिळा काढायचा आणि त्या जागी ताजा ठेवायचा, असा त्यांचा क्रम चालला, कुणाला न सांगता. चार महिन्यांनी खारीने पाव ठेवणं आपणच बंद केलं. त्या दिवशी वन्सं स्वयंपाकघरात पदर तोंडात धरून हसल्या आणि रडल्याही.

दर पंधरा दिवसांनी ऑफिसातली बाई स्कूटरवर यायची. उंच, सडसडीत, चष्मेवाली, पाण्याशिवाय काही न घेणारी. पहिल्याच दिवशी तिने मुलीची गादी उलटून पाहिली, फ्रिज उघडून पाहिला, न्हाणीघराची कडी आतून लागते का तेही पाहिलं, आणि मालकाला विचारलं, "तुम्हाला राग आला की तुम्ही काय करता?"

"काय करणार? गोठ्यात जाऊन बसतो."

बाईने तेही लिहून घेतलं. मग तिघांना समोर बसवून सांगितलं, "हिला काही लागलं, पडली, खरचटलं, तर त्याच दिवशी मला फोन. मोठ्या जनावरांजवळ कामाला लावायचं नाही. वासरांना बाटली पाजू दे, पण धारेला बसवायचं नाही. आणि तुम्ही तिघांनी एक वाक्य हिला कधी म्हणायचं नाही. 'कुणाला सांगू नकोस.' वाढदिवसाची गंमत असली तरी नाही."

"अगंबाई," वन्सं म्हणाल्या, "मग आम्ही बोलायचं तरी काय?"

बाई हसली नाही. दर भेटीला ती खारीला घेऊन एकटीच कडब्याच्या गंजीपलीकडे फिरायला जायची, कुणाला ऐकू येणार नाही एवढं लांब. मालकाला ते झोंबायचं. आपल्याच घरात आपल्यावर पहारा! "पोलिसांतली बदली इकडे झालेली दिसते," तो म्हणायचा. पण दिलेल्या वेळेपेक्षा बाई कधी पाच मिनिटं उशिरा आली नाही, आणि पावसात चिखलाने माखून आली तरी कंटाळलेल्या तोंडाने आली नाही, हे तोही मानायचा.

सतराव्या दिवशी पहाटे मावशीचा उजवा अंगठा धरला तो सुटेना. सहा गाई झाल्या होत्या. ती हात गरम पाण्यात घालायला घरात गेली. मालक गव्हाणीशी वैरण टाकत होता. खार वासरांना बाटली पाजायला रोजच्यासारखी उठलेली. तिने आठ महिने मावशीचे हात पाहिले होते. तिला वाटलं, मावशीची एक गाय आपण उरकून टाकू. आणि बसली कुठे, तर पहिलारूखाली! आठ दिवसांपूर्वी पहिल्यांदा व्यालेली, सडांना वारा लागला तरी थयथयाट करणारी गाय ती. मागचे पाय बांधल्याशिवाय गडीसुद्धा तिच्याखाली बसायचा नाही.

दोन धारा बादलीत वाजल्या. तो आवाज ऐकून मालकाने मान वळवली, तोच लाथ बसली. बादली उडाली, मुलगी आडवी पडली आणि गाय तिच्यावरच नाचायला लागली. मालकाने हातातली वैरण टाकली, दावणीवरून उडी मारली आणि दंडाला धरून तिला अशी खेचली की ती शेणातून घसरत भिंतीपर्यंत गेली.

"अक्कल आहे का? मेली असतीस!" तो ओरडला. मग तो तिथेच शेणात बसला.

मांडीवर लाथेचा काळानिळा डाग होता, तळहाताएवढा. तो दिसला तर दिसो. पण दुपारपर्यंत डाव्या दंडावर भलतंच उमटलं. चार बोटं आणि अंगठा. शाईने छापल्यासारखी, मोजून घ्यावीत अशी.

"लावा फोन बाईला," वन्सं म्हणाल्या.

"काय सांगू?" मालक म्हणाला. "गाईने मारलं सांगू? गाईला कुठे बोटं असतात?"

"खरं ते सांगा."

"खरं कोण ऐकतं, ताई? धारेला बसवली म्हणून एक, आणि हात टाकला म्हणून दोन. संध्याकाळपर्यंत पोरीचं बोचकं बांधून नेतील. मग बसा तिची गादी कुरवाळत."

मुलगी जाईल, एवढंच मावशीच्या डोक्यात बसलं. आपण बोलायला पाहिजे होतं हे तिला पुढे चांगलंच कळलं, पण त्या वेळी नाही बोलली. मालक खारीपुढे उकिडवा बसला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बाळा, हे आपल्यातच ठेवायचं बरं का. कुणाला सांगू नकोस. नाहीतर तुला इथून घेऊन जातील."

खारीने मान हलवली. फार पटकन हलवली. हा धडा तिला आधीच पाठ असल्यासारखी. मावशीने आत जाऊन लांब बाह्यांचा शर्ट आणला आणि तिला घातला.

पुढचे चार दिवस घरात भांड्याला भांडं लागलं नाही. खार शहाण्यासारखी वागायला लागली. शाळेतून आली की पाय धुवायची, अभ्यासाला बसायची, ताटात वाढलेलं मुकाट्याने खायची आणि आणखी हवं का विचारलं तर नको म्हणायची. कशालाही 'हो' म्हणायची. आठ महिन्यांत जी वन्संना उलटून बोलायला शिकली होती, "आत्या, तुमचंच तोंड आधी बंद करा की" म्हणण्यापर्यंत जिची मजल गेली होती, ती पाहुण्यासारखी झाली. ऊन तापायला लागलेलं, वर्गातली सगळी मुलं अर्ध्या बाह्यांत, आणि ही मनगटापर्यंत झाकलेली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. वर्गातल्या एका मुलीने विचारलंच, तर हिने तिच्याशी बोलणंच सोडलं.

पाचव्या दिवशी सकाळी वन्सं गोठ्याच्या दारात आल्या. हातात पावाचे तीन तुकडे.

"गादीत होते," एवढंच म्हणाल्या. त्यांना एवढं कमी बोलताना मावशीने कधी ऐकलं नव्हतं.

मावशी गाईखालून उठली. खार कोपऱ्यात धाकट्या वासराला बाटली पाजत होती. मावशी तिच्याजवळ जाऊन टेकली.

"दंड दुखतो का गं?"

"नाही."

"अजून हिरवा-पिवळा आहे. दुखत असणार."

"नाही दुखत. मी कुणाला नाही सांगणार, मावशी. मी तिथलं पण नाही सांगितलं कधी."

"तिथलं म्हणजे?"

खारीने बाटली वर केली, आत किती दूध उरलंय ते पाहिल्यासारखं केलं, आणि ओठ मिटले ते मिटलेच.

मावशीला त्या गोठ्यात, चौदा जनावरांच्या उबेत, थंडी वाजली. आपण या पोरीला काय करून ठेवलं! जिथून ती आली त्या घराने तिच्या तोंडाला जे कुलूप लावलं होतं, त्यालाच आपण वरून आणखी एक लावलं. आणि तेही मायेने, मऊ आवाजात. तिला स्वतःची अशी लाज वाटली की तिने हात धुतले, केस नीट केले आणि थेट मालकासमोर जाऊन उभी राहिली.

"मी ऑफिसात जाते."

"कशाला? बाई परवा येतेच आहे. तोवर वळ मावळतील."

"मावळतील म्हणूनच आज जाते."

"म्हणजे नवऱ्याला चव्हाट्यावर उभं करणार?"

"तुम्ही तिला वाचवलंत. वाचवणाऱ्या माणसाने चोरासारखं का बसायचं? चोरी आपण नंतर केली. मीपण केली, शर्ट मीच घातला."

"आणि तिला नेली तर?"

"तर नेतील," मावशी म्हणाली. "पण इथे राहून ती परत पाव लपवणार असेल, तर आपण तिला ठेवतोय कशासाठी? आपल्यासाठीच ना?"

मालकाने तोंड फिरवलं. फोन का नाही लावत, असं वन्संनी विचारलं, तर मावशी म्हणाली, "फोनवर मी अर्धं गिळेन. समोर बसले की सगळं बाहेर पडेल."

दहाची बस धरून ती गेली. अंगाला गोठ्याचा वास. बाकावर शेजारी बसलेली बाई आधी वितभर सरकली, मग हातभर. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करताच विचारलं, "काय काम?"

"तक्रार द्यायची आहे."

"कुणाविरुद्ध?"

"आमच्या घराविरुद्ध."

"तुमच्या घराविरुद्ध तक्रार कुणाची?"

"आमचीच."

आता कारकुनाने मान वर केली. हातातला छापील कागद वरून खालपर्यंत वाचला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "असा रकाना नाही बाई यात," तो म्हणाला. "बसा तिकडे."

अडीच तास बसली. तहान लागली, पण पाणी प्यायला उठले आणि तेवढ्यात नाव पुकारलं तर, म्हणून उठली नाही. शेवटी चष्मेवाली बाहेरून आली, मावशीला पाहून थबकली, आणि काही न विचारता आत घेऊन गेली.

मावशीने सगळं सांगितलं. गडी कसा गेला, अंगठा कसा धरला, पहिलारू, लाथ, दंड. बाई मध्ये बोलली नाही. नुसती लिहीत होती. संपल्यावर तिने लिहिलेलं वाचून दाखवलं आणि विचारलं, "शर्ट कधी घातलात?"

"त्याच दुपारी."

"म्हणजे तुम्हालाही झाकायचं होतं."

मावशीला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. "हो," ती म्हणाली. "मलाही."

"आणि 'तिथलं' असा शब्द मुलीने स्वतः काढला? तुम्ही आधी काही विचारलं नव्हतं?"

"नाही. आपणच बोलली. मग गप्प झाली."

बाईने पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर मावशीला थकवा दिसला. "डॉक्टर तिला तपासतील. मी तिच्याशी एकटीशी बोलेन. मग ठरेल. तुम्ही आपण होऊन आलात हे मी लिहीन. पाच दिवस उशिरा आलात हेही लिहीन."

"लिहा," मावशी म्हणाली.

ऑफिसच्या गाडीतून दोघी परतल्या तेव्हा खार शाळेतून येऊन पायरीवर बसली होती. गाडी पाहून तिने आधी बाह्या खाली ओढल्या. ते पाहून मावशीला भडभडून आलं. ती तिच्यासमोर बसली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मी बाईंना सांगून आले. गाईचं, दंडाचं, शर्टाचं, सगळं. आम्ही तुला गप्प बसायला सांगितलं ते चुकलं. तू आता काहीही सांग. आमच्याबद्दलचं वाईटसुद्धा सांग."

खारीने मालकाकडे पाहिलं.

मालक गोठ्याच्या खांबाला धरून उभा होता. दिवसभरात त्याचा राग कुठच्या कुठे जाऊन नुसतं ओझं उरलेलं. गावात मान असलेला माणूस, परक्या बाईसमोर, ड्रायव्हरसमोर, पोरीची माफी मागायची म्हणजे सोपं नव्हे. तो पुढे आला. टोपी काढून हातात घेतली.

"मी घाबरलो होतो गं," तो म्हणाला. "मोठी माणसंसुद्धा घाबरतात. घाबरलं की मूर्खासारखं बोलतात. मी ओरडलो तेही सांग बाईंना."

खारीने बाईला विचारलं, "सगळं सांगायचं? तिथलं पण?"

"तिथलंही," बाई म्हणाली, आणि दोघी गंजीपलीकडे चालत गेल्या.

संध्याकाळच्या धारांची वेळ झाली. गाई हंबरायला लागल्या. त्यांना काय ऑफिस आणि काय तक्रार! मावशी बसली. बोटं वळत नव्हती, तशीच दाबत राहिली. दर गाईनंतर उठून दारातून डोकवायची. गंजीपलीकडे दोन डोकी दिसायची, एक उंच आणि एक ठेंगणं, आणि उंच डोकं खाली वाकलेलं. पाच गाई झाल्या, सहा झाल्या. एवढा वेळ बाई कधी बोलली नव्हती.

परतली तेव्हा बाईचा चेहरा पांढरा पडला होता. ती गाडीमागे जाऊन फोनवर बोलली, हळू आणि भराभर. मग अंगणात येऊन म्हणाली, "मी तिला घेऊन जातेय. आधी दवाखान्यात."

"आणि मग?" मावशीने विचारलं.

"ते आज मला सांगता येणार नाही."

"कपडे भरू का तिचे?"

बाई क्षणभर घुटमळली. "एक जोडी द्या."

एक जोडी म्हणजे किती दिवस? मावशीने एक जोडी घातली, मग दुसरी घातली, मग दुसरी काढून ठेवली. वन्संनी पिशवीत पावाचा अख्खा पुडा कोंबला. खार गाडीत बसली, तिने काचेतून हात हलवला नाही, नुसती पाहत राहिली. गाडी फाट्याकडे वळली. मालक अंगणात उभा होता तो दिवा लागेपर्यंत तसाच.

दुसऱ्या दिवशी पहाटे वासरांना बाटली पाजायला कुणी नव्हतं. वन्सं आल्या, कमरेला हात लावून कण्हत बसल्या आणि बाटली धरली. कुणी कुणाला दोष दिला नाही. दोष द्यायचा तर तो सगळ्यांना पुरून उरला असता.

गाडीवर दूध घालून मालक घरी आलाच नाही. सरळ शेजारच्या मळ्यावर गेला, जिथे गडी दुसऱ्याच्या गाईंच्या धारा काढत होता.

"चल," मालक म्हणाला.

"कुठे?"

"घरी. तुझं बरोबर होतं. दोन माणसं पाहिजेत. तुझ्या मेहुण्याला पण घेऊन ये."

गडी कासेवरचा हात न काढता म्हणाला, "मालक, मी हे म्हणालो तेव्हा गप्पिष्ट होतो ना?"

"होतास. अजून आहेस. पण तुझं ऐकलं असतं तर ती पोर गाईखाली गेली नसती." आणि मालकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. अकरा वर्षांत गड्याने ते पाहिलं नव्हतं. तो मुकाट्याने उठला, हातातलं काम पुरं करून देतो म्हणाला, आणि दुपारी मेहुण्याला घेऊन गोठ्यात हजर झाला. आल्या आल्या दोघांनी पहिलारूपुढे आडवा बांबू ठोकला.

चार वाजले, पाच वाजले. मावशीला हात रिकामे ठेवायची सवय नव्हती; तिने स्वच्छ कॅन पुन्हा घासले. खारीची गादी उन्हातून आत आणली, अंथरली, मग कशाला अंथरली म्हणून गुंडाळून ठेवली. दिवस कलता कलता फाट्यावर गाडीचा आवाज आला.

आधी बाई उतरली. कालचेच कपडे, डोळे लाल. मग खार उतरली, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. आणि ती आत हात घालून आणखी कुणाला तरी उतरवत होती. दोन मुली. एक सहा वर्षांची असेल, एक जेमतेम चार. हातापायांच्या काड्या, पायांत मोठ्या माणसांच्या चपला.

मावशी जागची हलली नाही. काय चाललंय ते तिला कळेना.

बाईने नवरा-बायकोला बाजूला घेतलं. "खार आधी जिथे होती, त्या घरात या दोघी अजून होत्या," ती म्हणाली. "कोठीत कोंडायचे. दोन-दोन दिवस खायला नाही. बोललात तर आईला कधी भेटू देणार नाही, अशी धमकी. काल मुलीने सगळं सांगितलं. आज पोलीस घेऊन गेलो, कोठीला बाहेरून कडी होती." ती थांबली. "तिथे भेटीला आमच्याच ऑफिसातलं माणूस जायचं. फोन करून जायचं, आणि मुलांना त्या नवरा-बायकोसमोर बसवून विचारायचं, बरं आहे ना? दीड वर्ष मुलं म्हणाली, बरं आहे."

मालकाने खांबाला हात लावला.

"या दोघींना आजच्या आज जागा हवी. माझ्याकडे तीन घरांची यादी होती. खार म्हणाली, आमच्याकडे चला." बाईने चष्मा काढून पुसला. "तुमच्या घरावरची नोंद आहे, ती तशीच राहील. मी खोडणार नाही. दर आठवड्याला येणार, न सांगता येणार. साहेबांनी विचारलं, नोंद असलेल्या घरात कशी ठेवतेस? मी म्हटलं, या घरात काही चुकलं तर ते मला पाच दिवसांत कळतं."

मावशीला हुंदका आवरला नाही. त्या कडक, पाण्याशिवाय काही न घेणाऱ्या बाईचा हात तिने आपल्या सुजलेल्या दोन्ही हातांत धरला. बाईने तो काढून घेतला नाही.

"राहू देत," मालक म्हणाला. "गडी परत आणलाय मी, गोठ्यात दोन माणसं झालीत. धारेला आता पोर काय, मांजरसुद्धा बसणार नाही."

तेवढ्यात गोठ्याच्या दारातून आवाज आला. खार दोघींचे हात धरून उभी होती आणि एखाद्या मास्तरणीसारखी सांगत होती. आठ महिन्यांत एका दमात ती एवढं कधी बोलली नव्हती.

"ही वासरं चालतील. तिकडे बांबूपलीकडे जायचं नाही, ती गाय लाथ मारते. मला मारली. आणि काही लागलं तर लगेच सांगायचं. कुणालाही सांगायचं. आपण नाही सांगितलं तर मावशी बसने जाऊन स्वतःच सांगून येते."

चार वर्षांच्या मुलीने मान वर केली. "सांगितलं की रागावतात?"

"रागावतात कधी कधी," खार म्हणाली. "पण मग जेवायला हाक मारतात."